आरमाराचे पंख



आरमार म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शिडें, तोफा आणि लाटा उभ्या राहतात. विमान म्हटलें कीं मोकळें आकाश उभें राहतें. या दोन चित्रांचा एकमेकांशीं निकट संबंध आहे, आणि आजच्या काळांत दुसऱ्यावांचून पहिलें लुळें आहे, ही गोष्ट सामान्य नागरिकाच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. आजच्या भाषणांत मला या आरमारी विमानदलाविषयीं बोलावयाचें आहे. त्याच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळांनीं सांगितल्या आहेत. मी त्याला शत्रूच्या तोफेहूनहि अधिक नडलेल्या दोन घरच्याच शत्रूंविषयीं सांगणार आहें. त्यांतला पहिला म्हणजे सैन्याच्या तीन दलांतील भाऊबंदकी, आणि दुसरा म्हणजे अंदाजपत्रकाची कात्री.

हा विषय मुंबईच्या किंवा मालवणच्या माणसानें ऐकावा, आम्हां देशावरच्यांना त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यांच्यासाठीं मी मुद्दाम समुद्रापासून दूरचें एक ठिकाण घेतों. नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्याच्या माथ्यावर, तोरणमाळ नांवाचें थंड हवेचें पठार आहे. यशवंत तलावाचें शांत पाणी आणि सीताखाईची खोल दरी पाहावयास लोक तेथें जातात. खाऱ्या वाऱ्याची झुळूकहि तेथें पोंचत नाहीं. परंतु या डोंगररांगेच्या उत्तरेस नर्मदा वाहते आणि दक्षिणेस तापी. येथें पडलेला पावसाचा थेंब कोणत्याहि उतारानें गेला तरी अखेर पश्चिम समुद्रालाच मिळतो. उलट वाटहि तितकीच खरी आहे. घाट चढून वर येणाऱ्या एस. टी.च्या टाकींतील डिझेल ज्या खनिज तेलापासून निघतें, त्याचा पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक भाग आपला देश परदेशांतून जहाजांनीं आणतो. समुद्रावरील वाट अडली, तर तिची कळ तोरणमाळच्या बाजारांतहि चार आठवड्यांत लागेल. आपल्या घरांतील चूल आणि आपल्या शेतांतील पंप यांच्या मागें समुद्र असा अदृश्यपणें उभा आहे.

तोरणमाळचें नांव घेण्यास आणखीहि एक कारण आहे. आरमाराला विमान कां लागतें, हें समजण्यासाठीं त्या पठाराइतका चांगला धडा दुसरा नाहीं. पृथ्वी गोल आहे. जहाजाच्या डोलकाठीवर, पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीवर उभा असलेला पहारेकरी कितीहि तीक्ष्ण नजरेचा असला, तरी त्याचें क्षितिज अठरा किलोमीटरांवर संपतें. तोरणमाळची उंची हजार मीटरांहून अधिक आहे. समजा, त्याच्या पायथ्याशींच समुद्र असता, तर कड्यावर उभ्या राहणाऱ्यास शंभर किलोमीटरांपलीकडचें पाणी दिसलें असतें. तीन हजार मीटर उंचीवरून उडणाऱ्या विमानांतून हेंच क्षितिज जवळजवळ दोनशें किलोमीटर दूर जातें. रडारचे किरणहि ढोबळ मानानें याच नियमानें बांधलेले आहेत. म्हणजे विमान हें आरमाराचें फिरतें तोरणमाळ होय. तें जवळ नसेल, तर पाण्यालगत येणारें शत्रूचें क्षेपणास्त्र क्षितिजावर उगवेपर्यंत जहाजाला दिसत नाहीं. आणि दिसल्यानंतर हातीं उरतो तो अवघ्या कांहीं मिनिटांचा, कधीं कधीं सेकंदांचा अवधि.

हें विमान चालविणारा माणूसहि निराळा घडवावा लागतो. जमिनीवरची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब आणि जागच्या जागीं स्थिर असते. विमानवाहू जहाजाचा डेक पुढें सरकत असतो, लाटेबरोबर वर-खालीं होत असतो, आणि उतरण्यास मिळणारी जागा शंभर-दोनशें मीटरांची असते. विमान ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें येतें. त्याच्या शेपटीखालचा आंकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेंत अडकला, तरच तें थांबतें. तार हुकली तर तत्क्षणीं पुन्हां उड्डाण करावें लागतें. ही विद्या वर्षानुवर्षांच्या सरावानें येते, आणि सराव थांबला कीं कांहीं आठवड्यांतच जाऊं लागते. शिवाय वरून दिसणारा ठिपका मासेमारीची होडी आहे, तेलवाहू जहाज आहे कीं पाणबुडीची दुर्बीण आहे, हें ओळखण्यास समुद्रावर वाढलेला डोळा लागतो. म्हणूनच ज्या देशांनीं आरमाराचें विमानदल दुसऱ्याच्या घरीं दत्तक दिलें, त्यांना त्याचें मोल पुढें रक्तानें चुकवावें लागलें.

यांत पहिलें उदाहरण इंग्लंडचें. १९१४ सालीं ब्रिटिश आरमारानें आपलें स्वतंत्र विमानदल उभारलें, आणि पहिल्या महायुद्धांत या विद्येंत तें साऱ्या जगाच्या पुढें होतें. परंतु १ एप्रिल १९१८ रोजीं भूदलाचें आणि आरमाराचें अशीं दोन्ही विमानदलें एकत्र करून रॉयल एअर फोर्स हें नवें दल स्थापन करण्यांत आलें. त्यामागील युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता : आकाश एक आहे, तेव्हां त्याचा धनीहि एकच असावा. आरमाराचीं जवळजवळ तीन हजार विमानें आणि तीं चालविणारीं अनुभवी माणसें एका दिवसांत नव्या घरीं गेलीं. पुढें १९२४ सालीं जहाजांवरील विमानांची एक शाखा नांवाला वेगळी काढली, पण ती विमानदलाचीच राहिली. जहाज एकाचें, विमान दुसऱ्याचें, आणि पैसे तर कोणाजवळच नाहींत, अशी ती स्थिति होती. कारण त्याच काळांत ब्रिटिश सरकारनें पुढील दहा वर्षें मोठें युद्ध होणार नाहीं असें गृहीत धरूनच सैन्याचीं अंदाजपत्रकें बांधावीं, असा दंडक घातला होता. तो १९१९ पासून १९३२ पर्यंत चालला. जो थोडा पैसा विमानदलास मिळे, तो त्यानें आपल्या आवडत्या बाँबफेकी विमानांवर खर्चावा, यांत नवल तें काय? सावत्र लेकराच्या ताटांत काय पडलें, हें पाहण्यास सवड कोणाला होती?

अखेर जुलै १९३७ मध्यें सर टॉमस इन्स्किप यांनीं निवाडा देऊन ही शाखा आरमाराला परत दिली. प्रत्यक्ष ताबा मिळावयास मे १९३९ उजाडला, आणि सप्टेंबरांत दुसरें महायुद्ध सुरू झालें! वीस वर्षांचें दुर्लक्ष चार महिन्यांत कसें भरून निघणार? ब्रिटिश वैमानिक स्वोर्डफिश नांवाच्या, कापडानें मढविलेल्या, दुहेरी पंखांच्या संथ विमानांतून लढावयास निघाले. नोव्हेंबर १९४० मध्यें तारांतोच्या बंदरांत त्यांनीं त्याच एकवीस विमानांनिशीं इटलीच्या तीन मोठ्या युद्धनौका निकामी केल्या, हें त्यांचें असामान्य धैर्य. परंतु धैर्याच्या जोरावर चालविलेला कारभार नेहमींच साधत नाहीं. १० डिसेंबर १९४१ रोजीं 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन बलाढ्य युद्धनौका मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनीं बुडविल्या. त्यांच्या सोबतीस एकहि विमानवाहू जहाज नव्हतें. पुढें चारच महिन्यांनीं, ९ एप्रिल १९४२ रोजीं, सिलोनच्या किनाऱ्याजवळ 'हर्मीस' हें विमानवाहू जहाज बुडालें, तेव्हां त्याच्या डेकवर त्याचें स्वतःचें एकहि विमान नव्हतें. विमानाविना विमानवाहू जहाज म्हणजे भात्यावांचून धनुष्य, हा धडा आपल्याच महासागरांत गिरविला गेला.

शत्रुपक्षाची कथाहि निराळी नाहीं. मुसोलिनीच्या इटलींत सर्व विमानें विमानदलाचीं होतीं, आणि मार्च १९४१ मध्यें मातापानच्या लढाईंत इटालियन आरमाराला त्याचा अनुभव आला. जर्मनीनें डिसेंबर १९३८ मध्यें 'ग्राफ झेपेलिन' हें विमानवाहू जहाज पाण्यांत सोडलें. परंतु जें जें उडतें तें तें आपलें, अशा वृत्तीचा गोअरिंग विमानदलाचा अधिपति होता. तें जहाज शेवटपर्यंत पुरें झालेंच नाहीं.

युद्ध संपल्यावर शहाणपण टिकलें असतें तर बरें झालें असतें. परंतु एप्रिल १९४९ मध्यें अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनीं, लुई जॉन्सन यांनीं, 'युनायटेड स्टेट्स' या नव्या विमानवाहू जहाजाचें बांधकाम त्याचा कणा घातल्यापासून पांचव्या दिवशीं बंद केलें. अणुबाँब टाकणारीं लांब पल्ल्याचीं विमानें असतां समुद्रावरील विमानतळाची गरज काय, असा विमानदलाचा सवाल होता, आणि खर्चांत बचत हवीच होती. आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं उघड विरोध केला. आरमाराचे प्रमुख डेनफेल्ड यांना पद सोडावें लागलें. जून १९५० मध्यें कोरियांत युद्ध पेटलें. जमिनीवरचे विमानतळ शत्रूच्या हातीं पडूं लागले, आणि ३ जुलै रोजीं प्याँगयाँगवर जीं विमानें गेलीं, तीं विमानवाहू जहाजावरूनच गेलीं.

इंग्लंडनें तर तीच चूक दुसऱ्यांदां केली. फेब्रुवारी १९६६ मध्यें खर्चाच्या कारणानें नव्या मोठ्या विमानवाहू जहाजाची योजना रद्द झाली. समुद्रावर लागेल तेथें संरक्षण किनाऱ्यावरचीं विमानें देतील, असें विमानदलाचें आश्वासन होतें. आरमारमंत्री मेह्यू आणि आरमारप्रमुख ल्यूस या दोघांनीं राजीनामे दिले. सोळा वर्षांनीं, १९८२ सालीं, फॉकलंड बेटांचें युद्ध इंग्लंडपासून सुमारें तेरा हजार किलोमीटरांवर लढावें लागलें. दूरवर पाहणारें टेहळणी विमान आरमाराजवळ नव्हतें. ४ मे रोजीं 'शेफील्ड' या नौकेवर क्षेपणास्त्र आदळलें. आणि ज्या दोन लहान विमानवाहू जहाजांनीं तें युद्ध जिंकून दिलें, त्यांतलें एक, 'इन्व्हिन्सिबल', त्याच वर्षीं फेब्रुवारींत काटकसरीसाठीं ऑस्ट्रेलियाला विकण्याचें ठरलें होतें! दुसरें 'हर्मीस' या जुन्या नांवाचेंच नवें जहाज; तें पुढें १९८७ सालीं आपल्याकडे 'विराट' होऊन आलें.

आतां आपल्या घरांत पाहूं.

स्वतंत्र भारताच्या आरमाराला पहिलीं विमानें १९५३ सालीं मिळालीं, आणि त्याच वर्षीं कोचीन येथें 'गरुड' हा आरमारी विमानतळ सुरू झाला. १९५७ सालीं ब्रिटिशांचें अर्धवट राहिलेलें 'हर्क्युलीस' हें जहाज आपण विकत घेतलें. ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें तें 'विक्रांत' या नांवानें आपल्या आरमारांत दाखल झालें आणि नोव्हेंबरांत मुंबईस आलें. गोवा मुक्त झाल्यावर दाभोळीचा विमानतळ आरमाराकडे आला, आणि १९६४ पासून 'हंस' हें आरमारी विमानांचें मुख्य घरटें तेथें बसलें. इथवर सर्व ठीक होतें. परंतु किनाऱ्यावरून उडून दूरच्या समुद्रावर टेहळणी करणारीं मोठीं विमानें मात्र आरमाराकडे नव्हतीं. तें काम विमानदलाचें होतें. पुण्याच्या लोहगांव तळावर विमानदलाचें सहा क्रमांकाचें पथक होतें. त्याच्याजवळ महायुद्धानंतर कानपूरच्या भंगारांतून आपल्या कारागिरांनीं पुन्हां उभीं केलेलीं लिबरेटर विमानें होतीं, आणि पुढें एअर इंडियाकडून आलेलीं सुपर कॉन्स्टेलेशन विमानें आलीं. त्या वैमानिकांच्या निष्ठेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण विमानदलाचें मन पंजाबच्या सीमेवर आणि हिमालयाच्या माथ्यावर गुंतलेलें होतें. समुद्राची राखण हें त्याच्या दृष्टीनें दुय्यम काम होतें, आणि दुय्यम कामाच्या वांट्याला नेहमीं जुनीं विमानें येतात.

१९६५ च्या सप्टेंबरांत युद्ध झालें तेव्हां 'विक्रांत' मुंबईच्या गोदींत दुरुस्तीसाठीं होती. ७ सप्टेंबरच्या रात्रीं पाकिस्तानचीं सात जहाजें द्वारकेसमोर आलीं, त्यांनीं किनाऱ्यावर तोफा डागल्या आणि तीं निघून गेलीं. प्रत्यक्ष हानि अल्प झाली. पण ज्या आरमाराजवळ डोळे कमी, त्याच्या अंगणांत परका कसा येऊन जातो, हें साऱ्या देशाला दिसलें. १९७१ सालीं 'विक्रांत'च्या एका बॉयलरला तडा गेलेला असतांहि ती बंगालच्या उपसागरांत उतरली, आणि ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक व अलिझे विमानांनीं कॉक्स बाजार व चितगांव या बंदरांची नाकेबंदी केली. तिला शोधण्यास निघालेली 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. पूर्वेकडील विजयाची ही बाजू आपण अभिमानानें सांगतों. परंतु विमानवाहू जहाज एकच होतें. तें पूर्वेस गेलें म्हणजे पश्चिम समुद्र त्याच्यावांचून राहिला. तेथें ९ डिसेंबरच्या रात्रीं दीवजवळ 'खुकरी' ही आपली नौका 'हंगोर' या पाणबुडीनें बुडविली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांच्यासह अठरा अधिकारी व एकशें शहात्तर खलाशी समुद्राच्या तळाशीं गेले. एका कारणानें युद्धांतली कोणतीहि घटना घडत नाहीं, हें मी जाणतों. तरी पाणबुडीचा माग काढणारीं विमानें आणि हेलिकॉप्टरें पुरेशीं असतीं, तर त्या रात्रीं 'हंगोर'ला इतकें मोकळें रान मिळालें नसतें, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

यानंतरहि वाद मिटावयास पांच वर्षें लागलीं. अखेर १९७६ सालीं समुद्रावरील टेहळणी आरमाराकडे सोंपविण्यांत आली. १८ नोव्हेंबर १९७६ रोजीं दाभोळी येथें सुपर कॉन्स्टेलेशन विमानांचें आरमारी पथक उभें राहिलें, आणि पुढच्याच वर्षीं रशियाचीं इल्यूशिन-३८ विमानें आलीं. ज्याचें घर त्याच्याच हातीं राखण आली, तेव्हां काय घडलें? १९८८ सालीं लांब पल्ल्याचीं तुपोलेव्ह विमानें आलीं, २०१३ सालीं अमेरिकेचीं पी-८ आय विमानें आलीं. आज तीं विमानें तामिळनाडूंतील आरक्कोणम येथून आणि गोव्याहून उडतात, आणि हिंदी महासागरांत कोणतें जहाज कोठें आहे, याची नोंद ठेवतात. या एका निर्णयाचें फळ देश अर्धशतकापासून उपभोगीत आहे.

भाऊबंदकीचा एक गुंता असा सुटला. पण दुसरा शत्रु, म्हणजे खजिन्याची कात्री, अधिक चिवट आहे. विमानवाहू जहाज ही अशी वस्तु आहे कीं तिचा निर्णय एका सरकारनें घ्यावा, पैसे दुसऱ्यानें द्यावेत आणि उपयोग तिसऱ्यानें करावा. १९८० नंतरच्या दशकांत 'विक्रांत'च्या जागीं देशांतच मोठें जहाज बांधण्याचा बेत झाला. तोंच १९९१ चें आर्थिक संकट आलें आणि बेत लहान होत होत लांबणीवर पडला. त्याचा परिणाम पाहा. जुनी 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजीं निवृत्त झाली. 'विक्रमादित्य' १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं दाखल झाली. मधलीं जवळजवळ सतरा वर्षें दोन किनारे असलेल्या या देशाजवळ एकच विमानवाहू जहाज होतें, आणि तेंहि फॉकलंडचें युद्ध पाहिलेलें. घाईच्या वेळीं केलेली काटकसर किती महाग पडते, हेंहि 'विक्रमादित्य'नें शिकविलें. २००४ सालीं त्या जुन्या रशियन जहाजाच्या दुरुस्तीचा करार ९७ कोटी ४० लाख डॉलरांचा झाला. जहाज हातीं येईपर्यंत तो आंकडा सुमारें २ अब्ज ३५ कोटी डॉलरांवर गेला आणि मुदत पांच वर्षांनीं उलटली.

कात्री नेमकी कोठें चालते, हें गृहस्थी चालविणाऱ्या श्रोत्यांना चटकन उमगेल. घराचा हप्ता, मुलांची फी आणि दुकानदाराची उधारी हीं चुकत नाहींत. उत्पन्न घटलें कीं कपात होते ती गाडीच्या देखभालींत, औषधांत, घराच्या डागडुजींत. आरमाराचेंहि तसेंच आहे. नव्या खरेदीसाठीं मंजूर झालेल्या रकमेचा मोठा भाग जुन्या करारांच्या हप्त्यांतच जातो. उरलेल्यांत कापावयाचें, तर सुटे भाग, उड्डाणाचे तास आणि अद्याप करार न झालेलीं विमानें हींच हातीं लागतात. २०१९ च्या डिसेंबरांत नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल करमबीर सिंग यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, संरक्षणाच्या अंदाजपत्रकांतील नौदलाचा वांटा २०१२ सालीं १८ टक्के होता, तो घसरून १३ टक्क्यांवर आला आहे. त्या सुमारास आणखी दहा पी-८ आय विमानांची मागणी सहांवर आणावी लागली. त्यापूर्वी, २०१६ सालीं, नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं आपल्या अहवालांत दाखवून दिलें होतें कीं 'विक्रमादित्य'साठीं घेतलेल्या पंचेचाळीस मिग-२९ के विमानांपैकीं एकासनी विमानें उड्डाणास सज्ज असण्याचें प्रमाण सुमारें १६ पासून ३८ टक्क्यांपर्यंतच होतें. कागदावर पंचेचाळीस, आणि प्रत्यक्ष उडावयास त्यांतला लहानसा हिस्सा! याशिवाय कित्येक वर्षें आपल्या नव्या नौकांवरील हेलिकॉप्टरांच्या खोल्या रित्या राहिल्या, किंवा १९६० नंतरच्या दशकांतल्या बनावटीचीं चेतक हेलिकॉप्टरेंच तेथें वावरत राहिलीं. पाणबुड्या शोधणारीं नवीं सीहॉक हेलिकॉप्टरें मागविण्याचा करार २०२० सालीं झाला, आणि त्यांचें पहिलें पथक मार्च २०२४ मध्यें कोची येथें उभें राहिलें.

नवी 'विक्रांत' ही आपल्या कारागिरीची अभिमानास्पद खूण आहे. कोचीच्या गोदींत बांधलेली, पंचेचाळीस हजार टनांच्या आसपासची ही नौका २ सप्टेंबर २०२२ रोजीं आरमारांत आली. पण जहाज आणि विमान यांचे निर्णय वेगवेगळ्या वाटांनीं चालले होते. जहाजाचा कणा २००९ सालीं घातला. त्याच्यासाठीं सत्तावन्न लढाऊ विमानांची चौकशी नौदलानें २०१७ सालीं सुरू केली. आणि करार झाला तो २८ एप्रिल २०२५ रोजीं, तोहि सव्वीस राफेल विमानांचा. तीं यावयास २०२८ उजाडेल, आणि सर्व येईपर्यंत २०३०. विमानदलानें त्याच जातीचीं छत्तीस विमानें २०१६ सालीं घेतलीं होतीं. दोन दलांनीं एकत्र बसून, एकाच वेळीं, एकाच सौद्यानें हीं विमानें घेतलीं असतीं, तर काय वांचलें असतें याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

दुसऱ्या बाजूसहि न्याय दिला पाहिजे. विमानदलाचें म्हणणें असें कीं, आमच्याच पथकांची संख्या आवश्यकतेहून कमी झाली आहे, आणि आकाशांतून इंधन भरून घेणारीं विमानें किनाऱ्यावरूनहि दूर जाऊं शकतात. भूदल म्हणतें कीं, २०२० सालीं गलवानच्या खोऱ्यांत आमचीं माणसें पडलीं. आमची सीमा पर्वतावर आहे. पहिले संरक्षणदलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनीं २०२० सालीं तिसऱ्या विमानवाहू जहाजापेक्षां पाणबुड्यांना अग्रक्रम द्यावा, असें मत मांडलें. क्षेपणास्त्रांच्या युगांत इतकें मोठें जहाज सोपें लक्ष्य ठरतें, हा त्यांतला मुद्दा पोकळ नाहीं. पुढच्या वर्षीं त्यांनीं विमानदलाला साहाय्यक दल म्हटलें, तेव्हां विमानदलप्रमुखांनीं लगेच प्रतिवाद केला, हेंहि आपण वाचलें. या वादांत प्रत्येकाचें थोडें थोडें खरें आहे. आणि म्हणूनच तो वाद दलांच्या दरबारांत सुटण्यासारखा नाहीं. तिन्ही भाऊ आपापल्या शेताची कड धरणार. पाटाचें पाणी कोणाला किती, हें सबंध शिवार पाहणाऱ्या कर्त्यानेंच ठरवावें लागतें. तो कर्ता म्हणजे लोकांनीं निवडलेलें सरकार आणि त्याच्या मागें उभें असलेलें जागृत लोकमत.

हें लोकमत झोंपलें तर काय होतें, हें महाराष्ट्राला कोणी परक्यानें शिकवावयास नको. कान्होजी आंग्र्यांनीं पश्चिम किनाऱ्यावर जें आरमार उभें केलें, त्याचा धाक इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाहि होता. १७२९ सालीं ते वारले. पुढें मुलांत फूट पडली. कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे झाला. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यांत वैर वाढलें. तुळाजीचें वागणें निर्दोष होतें असें नाहीं. परंतु त्याला वठणीवर आणण्यासाठीं पुण्याच्या सत्तेनें मुंबईकर इंग्रजांचा हात धरला. १७५५ सालीं सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला, आणि खाडींत उभें असलेलें आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. जमिनीवरच्या मराठी सत्तेनें समुद्रावरच्या मराठी सत्तेचा पराभव केला, आणि त्याचा लाभ झाला तो तिसऱ्याला. पुढच्या वर्षीं तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह प्लासीच्या वाटेवर होते. तिन्ही दलांच्या प्रत्येक बैठकीच्या दालनांत विजयदुर्गाचें एक चित्र टांगून ठेवावें, असें मला वाटतें.

एकोप्यानें काय साधतें, याचाहि एक ताजा दाखला आहे. मार्च २०२४ मध्यें 'रुएन' नांवाचें एक मालवाहू जहाज सोमाली चांच्यांनीं बळकावलेलें होतें. आपल्या किनाऱ्यापासून सुमारें २६०० किलोमीटर दूर, नौदलाच्या 'कोलकाता' या नौकेनें त्याला अडविलें. नौदलाच्या पी-८ आय विमानानें वरून नजर ठेवली, आणि विमानदलाच्या अवाढव्य सी-१७ विमानानें आरमाराचे कमांडो व त्यांच्या होड्या भर समुद्रांत उतरविल्या. सतरा खलाशी सुखरूप सुटले आणि पस्तीस चांचे कैद होऊन मुंबईस आले. त्या दिवशीं कोणत्या दलाचें विमान मोठें, असा प्रश्न कोणी विचारला नाहीं.

रायगडच्या किनाऱ्यावर १९९३ सालीं उतरलेलीं स्फोटकें आणि २००८ सालीं मुंबईंत समुद्रमार्गें आलेले दहा मारेकरी हे आपल्या स्मरणांतून गेलेले नाहींत. त्या प्रत्येक वेळीं आपण म्हटलें कीं, समुद्रावर डोळा हवा होता. डोळा हवा, तर त्याचें मोल दरवर्षीं, शांततेच्या वर्षींहि, ठरल्याप्रमाणें दिलें पाहिजे. जहाज बांधावयास घेतलें त्याच दिवशीं त्याचीं विमानें, त्यांचे सुटे भाग आणि त्यांचे वैमानिक यांचीहि तरतूद झाली पाहिजे. आणि एक वर्ष न खर्चलेला पैसा बुडूं नये यासाठीं पंधराव्या वित्त आयोगानें सुचविल्यासारखा स्थायी निधि असला पाहिजे. जुनी 'विक्रांत' मुंबईच्या बंदरांत कित्येक वर्षें संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्या देखभालीचा भार पेलेना, म्हणून २०१४ सालीं सुमारें साठ कोटी रुपयांस ती विकली गेली आणि दारूखान्याच्या भंगारांत तिचे तुकडे झाले. स्मारक राखणें न राखणें हा भावनेचा प्रश्न आहे, असें कोणी म्हणेल, आणि तें मी मान्यहि करीन. पण नव्या 'विक्रांत'वर ज्यांचीं मुलें उद्यां उडणार आहेत, त्यांच्यासाठीं तो भावनेचा प्रश्न नाहीं. यंदाचें अंदाजपत्रक वाचतांना आपण किंमती कोठें चढल्या, कर कोठें उतरला, हें पाहतोंच. त्याच पानावर आरमाराच्या पंखांना किती पिसें मिळालीं, तेवढेंहि एकदां पाहावें, इतकीच माझी विनंति आहे.